आजोबांच्या काळातलं फर्निचर मराठवाड्यात कसं शोधावं

१९४० ते १९७० या काळात मराठवाड्यातल्या घरांमध्ये जे लाकडी सामान आलं, ते संपलेलं नाही. माळवद (मातीचं सपाट छत) उतरवून स्लॅब पडला, भावाभावांत वाटण्या झाल्या, मुलं पुण्या-मुंबईला गेली, की ढाळजेतली (वाड्याच्या दारालगतच्या बैठकीतली) आरामखुर्ची गोठ्यात जाते. बंगईच्या (घरातल्या लाकडी झोपाळ्याच्या) फळीवर ज्वारीची पोती चढतात. जाळीच्या कपाटात फवारणीची औषधं राहायला येतात. बरंच काही जळणात गेलं याची हळहळ आहेच, पण सागवान सहज खराब होत नाही. त्यामुळे आजोबा ज्या खुर्चीत बसून पेपर वाचायचे, तशीच खुर्ची, नशीब असेल तर तीच खुर्ची, आजही मिळू शकते.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं म्हणणं दोन वाक्यांत सांगतो. आधी नात्यात आणि गावात शोधा, दुकानाकडे नंतर वळा. आणि वस्तू घेताना पॉलिश पाहू नका, सांगाडा पाहा.

पायरी १ : नेमकं काय हवंय ते ठरवा

‘जुनं काहीतरी सागवानी’ असं म्हणत बाजारात गेलात तर दुकानदाराला जे खपवायचं आहे ते घेऊन याल. आधी घरातले जुने फोटो काढा. लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे फोटो माणसांसाठी काढलेले असतात, पण कडेला टेबलाचा पाय, खुर्चीचा हात, रेडिओचं स्टँड हमखास सापडतं. तो भाग मोबाइलवर मोठा करून वेगळा साठवा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ‘खुर्ची कशी होती?’ या प्रश्नाला ‘चांगली होती’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा बारीक विचारा: बसायला वेत होती की कापड? हात सरळ की पुढे वाकलेले? पाय गोल की चौकोनी? घडी व्हायची का? बसलं की पाय जमिनीला टेकायचे का? आठवण अशा प्रश्नांनी उघडते.

आपल्या भागात साधारण कोणत्या वस्तू मिळतात, तेही माहीत असू द्या. आरामखुर्चीचे दोन प्रकार. एक कापडी: दोन लाकडी चौकटी, मागे तीन-चार खाचा, वर आणि खाली एकेक दांडा आणि मधे जाड कापडाची झोळी. दुसरी वेताची, लांब हातांची. हिच्या हाताखाली आणखी एकेक पट्टी असते, ती फिरवून पुढे ओढायची आणि तिच्यावर पाय टाकायचे. त्याखेरीज वेताच्या बैठकीच्या सरळ खुर्च्या, नवारीचा पलंग, मच्छरदाणीच्या खांबांचा पलंग, अडतीतल्या (धान्याच्या दलालाच्या दुकानातल्या) मुनीमजींचा मांडी घालून लिहायचा उतरता डेस्क, आरशाचं कपाट, दूध-दह्याचं जाळीचं कपाट, बंगई. आणि १९५५ नंतरची, शहरातल्या नोकरदार घरांतली नवी चाल: खाली निमुळते होत गेलेले, बाहेर तिरके फाकलेले पाय असलेलं रेडिओचं टेबल, सरकत्या काचांची शोकेस, हलका टिपॉय. हल्ली ज्याला ‘मिड-सेंच्युरी’ म्हणतात ती ही शेवटची चाल. बाकीचं त्याच काळात वापरात असलं तरी घाट जुना आहे. तुम्हाला यातलं कोणतं हवंय हे स्वतःशी पक्कं करा.

या घाटांमागे इथला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांच्या काळात जालना, हिंगोली, औरंगाबाद, अंबाजोगाई इथे हैदराबाद कंटिंजंट या, निजामाच्या पैशावर पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या छावण्या होत्या. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी निजामाची रेल्वे होती. छावणीतले बंगले, स्टेशनांवरच्या वेटिंग रूम आणि कचेऱ्या यांतलं सामान पाहून गावच्या सुतारांनी तसेच घाट घडवले. लाकूडही फार लांबचं नव्हतं. किनवट-माहूरचा डोंगरपट्टा, त्याला लागून आदिलाबादची जंगलं आणि तिकडे बल्लारशा, सगळा सागाचा मुलूख. म्हणून लांब हातांची वेताची खुर्ची मी तरी आधी या छावणीच्या आणि रेल्वेच्या गावांत शोधतो.

पायरी २ : नात्यात आणि गावात विचारा

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात चांगल्या वस्तू इथेच असतात. आजोळी, आत्याकडे, वडिलांच्या मामाकडे, गाव सोडलेल्या शेजाऱ्यांकडे फोन करा. पहिल्याच वाक्यात ‘विकता का’ असं विचारू नका. जुन्या माणसांना ते लागतं, आणि मग वस्तू ‘कुठं आहे काय माहीत’ होऊन जाते. आठवणीने सुरुवात करा.

‘मामी, तुमच्या ढाळजेत नानांची लांब हातांची खुर्ची होती बघा. कुठंय आता ती?’

‘कोणती, वेताची का? ती पडली असंल वरच्या खोलीत. पार फाटलीय तिची वेत. कामून रे?’

‘कामून’, म्हणजे ‘कशाला’, आलं की खरं कारण सांगा. आजोबांची तशीच होती, घरात पुन्हा एक हवी आहे, नीट करून वापरणार आहे. एवढं खरं बोललं की बहुतेक घरं मोकळी होतात. वेत फाटली आहे हे ऐकून मागे हटू नका, ती नव्याने विणता येते.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. वाटण्या झालेल्या किंवा व्हायच्या घरातली वस्तू एकाच्या शब्दावर उचलू नका. सगळ्या भावांना आणि बहिणींनाही फोन करून विचारा. खुर्ची चार माणसांत दहा वर्षं बोलणं बंद पाडू शकते. दुसरं म्हणजे भाव. गावातली एखादी आजी ‘घेऊन जा रे, अडगळ झालीय’ म्हणते, तेव्हा तिला तिच्या लाकडाचा आजचा भाव माहीत नसतो. तुम्हाला माहीत असेल तर सांगा आणि तेवढे पैसे द्या. पैसे घ्यायला ती तयारच नसेल तर त्या घरचं दुसरं एखादं दुरुस्तीचं काम करून द्या. भोळेपणाचा फायदा घेऊन आणलेली वस्तू आजोबांच्या नावाने घरात ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

गावात विचारायची आणखी माणसं म्हणजे सुतार, जुनी घरं पाडण्याचा ठेका घेणारे आणि फेरीवाला भंगारवाला. कोणाचा वाडा उतरणार आहे हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. आपला नंबर आणि हव्या त्या वस्तूचा फोटो त्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवा आणि अधूनमधून आठवण द्या. किल्लारी परिसरात मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगड-मातीची घरंच्या घरं कोसळली, तिथे जुने वाडे शोधायला जाण्यात अर्थ नाही आणि तशी विचारपूस करणंही बरं नव्हे. उदगीर, देगलूर, सेलू, मानवत, पैठण, अंबाजोगाई अशी जुन्या पेठांची गावं घ्या.

पायरी ३ : बाजार

छत्रपती संभाजीनगरात रविवारी जाफर गेटचा आणि गुरुवारी छावणीचा आठवडी बाजार भरतो. फर्निचर दर वेळी मिळेलच असं नाही, पण कड्या, बिजागऱ्या, कुलपं, पितळी मुठी, रेडिओच्या पेट्या अशा सुट्या वस्तूंसाठी जावं. तिथे ओळखी होतात, आणि ‘अमक्याच्या गोदामात दोन खुर्च्या पडल्या आहेत’ ही बातमी तिथूनच येते. जालना, परभणी, नांदेड, लातूर इथल्या जुन्या मोंढ्यांत (धान्याच्या घाऊक बाजारांत) अडत दुकानांचं नूतनीकरण चालू असलं की उतरते डेस्क आणि तिजोरीची लाकडी बैठक बाहेर निघते. मालकाला थेट विचारा.

सरकारी सामानाची वाट वेगळी आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ मध्ये सुरू झाल्या. त्या काळात कचेऱ्या, शाळा आणि विश्रामगृहांसाठी सागाची टेबलं, खुर्च्या, कपाटं घेतली गेली. अशा वस्तू वापरातून काढताना ‘निर्लेखन’ करतात आणि मग जाहीर लिलाव होतो. ‘निर्लेखित साहित्याचा लिलाव’ अशी नोटीस स्थानिक पेपरात किंवा कार्यालयाच्या फलकावर लागते. लिलाव बहुधा लॉटने होतो, म्हणजे एका चांगल्या खुर्चीसाठी मोडक्या बाकांचा ढीगही उचलावा लागतो. लाकडाच्या व्यापाऱ्याशी आधी बोलून ठेवा, उरलेलं तो घेतो.

पांढऱ्या रंगात नोंद क्रमांक घातलेली किंवा रेल्वेचा शिक्का असलेली वस्तू कोणी रस्त्यावर विकत असेल तर लिलावाची पावती मागा. पावती नसेल तर घेऊ नका. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मराठवाड्याबाहेर जायची तयारी असेल तर नांदेडकरांना हैदराबाद जवळ आहे, तिथल्या जुमेरात बाजारात जुनं सामान येतं. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईचा चोर बाजार आणि जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट मोठं आहे, पण तिथे भाव मुंबईचे आणि बरंच सामान नव्याने जुनं केलेलं. डोळा तयार झाल्याशिवाय तिथे जाऊ नका.

मोबाइलवर शोधताना ‘अँटिक’ हा शब्द वापरला की भाव वाढलेल्याच वस्तू दिसतात. ‘जुनं सागवानी टेबल’, ‘सागाची खुर्ची’, ‘घर खाली करणे आहे’ असे शब्द टाकून पाहा. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवायचा नाही. ‘लष्करात आहे, बदली झाली, आधी थोडे पैसे टाका’ असं म्हणणारा आला की संभाषण तिथेच थांबवा, आणि पैसे मिळवण्यासाठी म्हणून कोणी क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करू नका.

‘चंदीगड खुर्ची’ नावाने इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पायांची वेताची खुर्ची सध्या सगळीकडे दिसते. ती पिएर जॅनरे या स्विस वास्तुकारांनी चंदीगडच्या सरकारी इमारतींसाठी १९५० च्या दशकात केलेली रचना. मूळ खुर्च्या भंगारात विकल्या गेल्या, परदेशी लिलावांत मोठ्या किमतीला गेल्या, आणि २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांची विक्री व निर्यात थांबवण्याचा आदेश काढावा लागला. इथे बाजारात दिसते ती नक्कल समजा. रचना सुंदर आहे, पण आपल्या वाड्याशी तिचा संबंध नाही. वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी राहणाऱ्या नातवंडांनी लक्षात ठेवावं.

पायरी ४ : तपासणी

सोबत टॉर्च, मोजपट्टी, टोकदार टोचा, लहान चुंबक, पांढरा कागद, थोडं स्पिरिट आणि कापूस एवढं ठेवा. दिवसा जा. आणि दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य हेच बोला:

‘चाचा, उलटी करून पाहू का?’

‘देखो ना बेटा, उलटा करके देखो. अंदर से बर्मा है.’

बर्माचा साग युद्धाआधी इथे येत असे हे खरं आहे, पण एखादी खुर्ची बर्माच्या सागाची की बल्लारशाच्या हे नुसत्या डोळ्यांनी सांगणं अवघड आहे. त्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नका. उलटी करून मात्र जरूर पाहा, कारण सगळं सत्य खालच्या बाजूला असतं.

खुर्ची उलटी ठेवली की आधी पायांचे तळ पाहा. आपल्याकडे फरशी, शहाबादी, शेणाची जमीन सगळ्यांवर पाणी पडतं. जाळीच्या कपाटाच्या पायाखाली तर मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवत. त्यामुळे पाय खालून दोन-तीन इंच कुजलेला असू शकतो. तिथे टोचा दाबा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुतेल. मऊ लागून आत गेलं तर लाकूड गेलेलं आहे. फक्त खालचे दोन इंच गेले असतील तर सुतार नवा तुकडा जोडतो, हरकत नाही. चारही पाय सांध्यापर्यंत गेले असतील तर सोडा.

मग सांधे. जुन्या कामात एका लाकडाचं कुसू (पुढे काढलेलं टोक) दुसऱ्याच्या खाचेत बसवून वरून बांबूची किंवा लाकडाची खुंटी मारलेली असते. ती खुंटी लहान गोल ठिपक्यासारखी दिसते. चिकटवायला सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक) वापरायचे. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आलं आणि गावोगावच्या सुतारांपर्यंत पोचायला आणखी काळ गेला. सरसाचा सांधा सैल झाला तर गरम पाण्याने तो पूर्ण उघडून, साफ करून परत जोडता येतो, म्हणून नुसत्या हलणाऱ्या खुर्चीला घाबरू नका. दोन्ही हात धरून ती तिरकी दाबा. थोडी डुलली तर सांधा सैल आहे, काम सोपं आहे. कर्कश आवाज करून एकाच ठिकाणी उघडली तर कुसू तुटलेलं असण्याची शक्यता आहे. कोणी वरून खिळे किंवा लोखंडी पट्टी मारून दुरुस्ती केली असेल तर आत काय आहे ते पाहिल्याशिवाय भाव ठरवू नका. फळीच्या रंगाखाली खिळे लपले असतील तर चुंबक सांगतो.

मराठवाड्याची हवा कोरडी, उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर. लाकूड आकसतं. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत तपासलेली वस्तू खरी समजते. सैल सांधे, फळीतल्या भेगा, सगळं उघडं पडतं. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि मोडका सांधाही घट्ट वाटतो. कोकणातून किंवा मुंबईहून आलेलं कपाट इथल्या पहिल्या उन्हाळ्यात तडकू शकतं, हेही धरून चाला.

कीड ओळखायला पांढरा कागद खाली पसरा आणि वस्तूवर मुठीने ठोका. बारीक, पिठासारखा फिकट भुसा पडला तर किडा जिवंत आहे. जुनी छिद्रं असतील पण भुसा पडत नसेल तर तो बहुधा गेलेला असतो. वाळवीची खूण वेगळी: मातीच्या बारीक नळ्या, आणि ठोकल्यावर आतून पोकळ आवाज. जिवंत वाळवी असलेली वस्तू कितीही आवडली तरी घरात आणू नका.

लाकूड कोणतं? न दिसणाऱ्या जागी पॉलिश पेपरने चिमूटभर घासा. साग घासला की कातड्यासारखा तेलकट वास येतो आणि आतून सोनेरी तपकिरी रंग निघतो. शिसवी जड, गडद, जांभळट काळ्या रेघांची. बाभूळ लालसर आणि फार जड. सागाला काळपट रंग देऊन शिसवी म्हणून विकतात. घासलेल्या जागी रंग फक्त वरवरचा आहे की आतपर्यंत, ते पाहिलं की कळतं.

जुनेपणा खरा की केलेला? माणसं जिथे हात-पाय ठेवतात तिथेच झीज असते: हाताचं पुढचं टोक, पायाखालची आडवी पट्टी, ड्रॉवरच्या तळाची धार. ही झीज कधी सारखी नसते, उजवा हात डाव्यापेक्षा जास्त घासलेला असतो. सगळीकडे एकसारखी झीज आणि सगळीकडे एकच गडद रंग दिसला तर संशय घ्या. पाडलेल्या घराच्या तुळया चिरून नवं टेबल करतात. त्यात जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोकं भलत्याच जागी दिसतात. लाकूड खरंच जुनं असतं, टेबल जुनं नसतं. तसं सांगून विकलं तर घ्यायला काहीच हरकत नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. आतला भाग सहसा पॉलिश न केलेला आणि हवेने काळवंडलेला हवा. खालच्या बाजूला करवतीच्या सरळ, कमी-जास्त रेघा म्हणजे हाताची करवत; कमानदार रेघा म्हणजे गोल पात्याचं मशीन. खुर्चीच्या बैठकीच्या चौकटीत ओळीने भोकं असतील तर ती हाताने विणायच्या वेताची आहे. भोकं नसून खोबण असेल तर तयार विणलेली वेताची जाळी बसवलेली आहे. काही वेळा बैठकीखाली उर्दू आकडे लिहिलेले दिसतात. निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा उर्दू होती, तेव्हा ते पुसून टाकू नका, तो त्या वस्तूच्या वयाचा पुरावा असू शकतो.

लोखंडी कपाटासाठी नियम थोडे. गोदरेजने पोलादी कपाटं १९२३ मध्ये सुरू केली, त्यामुळे मराठवाड्यातल्या लग्नांत आलेली जुनी कपाटं भरपूर आहेत. तळाचा गंज, दाराचा झोल आणि कुलूप, तीनच गोष्टी पाहा. किल्लीवरचा क्रमांक लिहून घ्या.

पायरी ५ : भाव

जुन्या वस्तूला छापील किंमत नसते, पण खालची मर्यादा काढता येते. लाकूड घनफुटावर विकलं जातं. जवळच्या वखारीत किंवा आरा गिरणीत वाळलेल्या सागाचा आजचा घनफुटाचा भाव विचारा, मग वस्तू मोजा. समजा टेबल ४ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि फळी १ इंच जाड आहे. ४ × २.५ भागिले १२ म्हणजे फळी ०.८३ घनफूट. अडीच फूट उंचीचे, अडीच इंच चौरस चार पाय मिळून ०.४३. फळीखालच्या चार पट्ट्या, ४ इंच रुंद, १ इंच जाड, एकूण ११ फूट लांब, म्हणजे ०.३१. बेरीज सुमारे १.५७ घनफूट. वखारीच्या भावाने याचे जे पैसे होतात, त्याच्या आसपास टेबल मिळालं तर घडणावळ जवळजवळ फुकट मिळाली. वाळलेला साग घनफुटाला साधारण १८ किलो भरतो, म्हणजे हे टेबल २८ किलोच्या जवळपास हवं. उचलल्यावर फारच हलकं लागलं तर आत दुसरं लाकूड किंवा प्लाय आहे.

खुर्चीला हा हिशेब अपुरा पडतो. तिच्यात लाकूड कमी आणि हात जास्त लागलेला असतो. तिथे सुताराला विचारा, ‘मिस्त्री, अशी नवी करायला किती दिवसांची मजुरी लागेल?’ ती मजुरी आणि लाकूड धरा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. वेत विणणाऱ्याचा दर आधीच विचारून ठेवा, तो दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

पायरी ६ : घरी आणणं

दार आणि जिना मोजूनच पैसे द्या. वाड्यातल्या मोठ्या खोलीसाठी केलेलं आरशाचं कपाट फ्लॅटच्या जिन्यात अडकतं. बरीच जुनी कपाटं आणि पलंग खुंट्या काढून सुटे होतात. सोडवताना प्रत्येक सांध्यावर खडूने जोडीचे आकडे घाला. छोट्या हत्तीत नेताना खाली गोधड्या, दोरीखाली बारदान, आरसा उभा. आडवा ठेवलेला आरसा खड्ड्यात फुटतो.

आणल्यावर थेट बैठकीत ठेवू नका. गच्चीवरच्या खोलीत किंवा पडवीत, खाली पांढरा कागद पसरून, तीन-चार आठवडे वेगळी ठेवा. रोज कागद पाहा. भुसा पडला तर कीडनियंत्रण करणाऱ्याला बोलवा, तो छिद्रांत औषध टोचतो. रॉकेल ओतायचा जुना उपाय करू नका, लाकूड आग पकडायला तयार होऊन बसतं.

पायरी ७ : दुरुस्ती

कमीत कमी करा. मशीनने घासून नव्यासारखी चकचकीत केली की हाताच्या टोकाची ती झीज, जिच्यासाठी आपण एवढं फिरलो, ती निघून जाते. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा, मग घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसा. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा कापूस अर्धा मिनिट धरा. कापूस तपकिरी झाला आणि जागा चिकट लागली तर ते लाखेचं जुनं पॉलिश आहे. ते काढायची गरज नसते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने वर नवा पातळ थर देता येतो, जुना थर त्याच्यात मिसळतो. गावातल्या वयस्कर पॉलिशवाल्याला हे काम येतं, त्याला शोधा.

वस्तूवर ऑइल पेंटचे थर असतील तर सावध राहा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे जुन्या थरांत शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, लहान मुलांना दूर ठेवा, मास्क लावा, ओलं करून खरवडा आणि पापुद्रे गोळा करून टाका. पेंटखालचं लाकूड बहुतेक वेळा छान राखलेलं निघतं. बेल तेल (उकळलेलं जवसाचं तेल) लावणार असाल तर ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेलाचं फडकं आपोआप तापून पेटू शकतं. ते उघडं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कापडी आरामखुर्चीचं कापड नसेल तर माप असं घ्या: खुर्ची मधल्या खाचेत उघडा, वरच्या दांड्यापासून खालच्या दांड्यापर्यंत सुतळी सोडा, तिला बसण्याजोगा झोळ द्या, आणि बसल्यावर ती मागच्या आडव्या पट्टीला टेकत नाही ना हे पाहा. त्या लांबीत दोन्ही दांड्यांच्या नेफ्यांसाठी कापड वाढवा. जाड कॅनव्हास घ्या, नेफ्याला दुहेरी शिवण मारा. पहिल्यांदा बसताना हळू बसा, आणि खुर्ची उघडताना बोटं खाचेपासून दूर ठेवा.

वेताची बैठक फाटलेली नसून नुसती खाली बसली असेल तर नवी विणायची घाई नको. खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याचं फडकं ठेवा. वरची चकचकीत बाजू पाणी शोषत नाही, खालची शोषते. चांगली भिजली की सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आवळते आणि बैठक बरीच वर येते. तोवर तिच्यावर कोणी बसू नये.

तशी मिळालीच नाही तर

वर्षभर शोधूनही नसेल मिळत, तर कोणाकडे असलेली तशी खुर्ची मोजून आणा. बैठकीची उंची, रुंदी, खोली, पाठीचा कल, हातांची लांबी, प्रत्येक पट्टीची जाडी, सगळं कागदावर उतरवा आणि चारही बाजूंनी फोटो काढा. पाठीचा कल मोजायला खुर्चीमागे भिंतीशी पुठ्ठा उभा धरून पेन्सिलीने रेघ मारा. मग पाडलेल्या घरातला जुना साग घेऊन चांगल्या सुताराकडून करवून घ्या. स्क्रूऐवजी कुसू आणि खुंटीच वापरायला सांगा, मजुरी वाढली तरी चालेल. ती आजोबांची नसेल, पण तशीच बसेल, आणि आपल्या गावच्या सुताराचा हात त्या कामात राहील.

रोजच्या वापरात

पायाखाली रबरी किंवा नायलॉनच्या टोप्या लावा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडात चढणार नाही. खिडकीतून थेट ऊन येतं तिथे ठेवू नका. उन्हाळ्यात घरात कूलर चालू झाला की लाकडी वस्तू त्याच्या झोतातून बाजूला घ्या. एका बाजूने ओली हवा आणि दुसऱ्या बाजूने कोरडी उष्णता लागली की फळी वाकते आणि दार लागेनासं होतं. वेताच्या खुर्चीला मात्र एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून एकदा खालून पाण्याचा हलका फवारा द्या, कोरड्या हवेत वेत ठिसूळ होऊन तुटते.